शिवकन्या आणि रुद्रप्पांचं कपाळ

शिवकन्येच्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या माणसाला आपण चुकून दवाखान्यात शिरलो की काय, अशी शंका येते. दाराशीच नळ, नळावर साबण, खुंटीला धुतलेला पंचा आणि भिंतीवर ठसठशीत पाटी: 'आधी हात धुवा. पुसा. मग चित्र दाखवा.' एका वकिलानं एकदा हुज्जत घातली होती, की चित्र माझं, मग मी हात कामून धुवायचे? शिवकन्या म्हणाली, "चित्र तुमचंच आहे साहेब, पण त्याच्यावरची ही बोटंबी तुमचीच आहेत. सकाळी भजी खाल्लेली दिसतात." वकील गुपचूप नळाकडं गेला.

लातुरात गोलाई चौकापासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या या दुकानाचं नाव अजून 'संगप्पा फोटो फ्रेम' असंच आहे. संगप्पा म्हणजे शिवकन्येचे वडील. त्यांनी तीस वर्षं एकाच रीतीनं काम केलं. चित्र हार्डबोर्डावर चिकटवायचं, वर काच दाबायची, मागून खिळे मारायचे, झालं. देव असो, पुढारी असो, नवरानवरी असो की बारावीला नव्व्याण्णव टक्के घेतलेलं क्लासवाल्यांचं पोरगं, सगळ्यांना एकच न्याय. आता गुडघे गेल्यामुळं ते गल्ल्यामागच्या खुर्चीत बसतात आणि लेकीच्या कामावर फुकट शेरे मारतात.

शिवकन्येनं नांदेडला चित्रकलेची पदविका केली, लग्न केलं, नवरा औशाच्या शाळेत शिकवायला जाऊ लागला आणि ही दुकानात येऊ लागली. मग कधीतरी हैदराबादला एका संग्रहालयात जुनी चित्रं जपायचं दहा दिवसांचं शिबिर आहे असं कळलं, तर पोराला सासूकडं ठेवून ही गेली. तिथून आल्यावर तिला जुन्या फ्रेमा उघडून बघायचा नाद लागला. उघडलेल्या प्रत्येक फ्रेमेत हार्डबोर्डाचा तपकिरी रंग चित्राच्या कागदात उतरलेला असायचा. कागद असा ठिसूळ, की पापडासारखा मोडायचा. त्या तपकिरी डागाला तिनं नाव ठेवलं, 'अप्पांची सही'.

"अप्पा, तुम्ही अर्ध्या लातूरचे देव पिवळे करून ठेवलेत."

"देवाला पिवळं चालतंय," संगप्पा म्हणायचे. "खंडोबाला विचार."

तेव्हापासून तिची रीत ठरली. आलेली वस्तू काय आहे ते कळल्याशिवाय हात लावायचा नाही. छापील आहे की हातची? हातची असली तर रंग पाण्यातले की तेलातले, की नुसतीच भुकटी? कागदाला मागून गोंद आहे का, कसर आहे का, ओल आहे का? हे सगळं ती भिंग आणि टॉर्च घेऊन बघते, वहीत लिहिते, मोबाइलवर फोटो काढते आणि मगच गिऱ्हाइकाला किंमत सांगते. तोवर समोरच्या लॅमिनेशनवाल्याची तीन गिऱ्हाइकं होऊन जातात. पण ज्याला वस्तू जपायची असते, तो शेवटी हिच्याकडंच येतो, हे तिला ठाऊक आहे आणि ते ती लपवतही नाही.

एका सोमवारी दुपारी जळकोटहून अमरनाथ आला. चाळिशीचा, अंगानं दणकट, जळकोटात बी-बियाणांचं दुकान. खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी त्यानं काखेत धरलं होतं. पाटी न वाचताच त्यानं पोतं टेबलावर उभं केलं आणि आत हात घातला.

"थांबा!" शिवकन्या अशा आवाजात ओरडली, की रस्त्यावरचा भाजीवालाही थांबला. "आधी हात धुवा. आणि ते उभं नको, आडवं ठेवा. तोंड वर करून."

"ताई, बॉम्ब न्हाई हो, आजोबा हायत."

"मग तर जास्तच जपून."

पोत्यातून निघाली एक बिनकाचेची चौकट, एक कोपरा निखळलेला. आत कागदावर काळ्या रेघांनी काढलेला एक माणूस. मोठं नाक, जाड मिशा, डोक्यावर रुमाल मागं सरकवलेला. पण चेहऱ्यावर सगळीकडं राखाडी धूळ बसली होती आणि कपाळावर तर पांढऱ्या भुकटीचा लेपच होता. हे अमरनाथचे आजोबा, रुद्रप्पा.

"इभूत हाय ती," अमरनाथनं सांगितलं. "दर सोमवारी लावतेत घरी. आधी काच होती. परवाच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीला रंगकाम काढलं, तवा फुटली."

"मग दीड वर्ष इभूत थेट कागदावर?"

"मग काय सोडून द्यायची का लावायची?"

अमरनाथनं आपलं काम सांगून टाकलं. शुक्रवारी नव्या घराची वास्तुशांत आहे. तोवर ओल्या फडक्यानं आजोबा पुसून काढायचे, गरम लॅमिनेशन करायचं, सोनेरी पट्टी लावायची. हॉलमध्ये टीव्हीच्या वर जागा ठरलेली आहे.

तिनं टॉर्च लावून तो कागदाला जवळजवळ टेकवून आडवा धरला. आडव्या उजेडात कागदाचा खरबरीत पृष्ठभाग उठून दिसला आणि त्या खरबरीत दाण्यांच्या फक्त टोकांवर बसलेला काळा रंगही. तिनं भिंग लावलं. छापील चित्रात ठिपके दिसतात, शाईत कागद भिजलेला दिसतो. इथं दोन्ही नव्हतं. "चारकोल आहे. जळक्या काडीचा कोळसा. शाळेतला साधा ड्रॉइंग पेपर. कुणी काढलं?"

"उमाशंकर गुरुजींनी. आमच्या शाळेला चित्रकला शिकवायचे. वारून बी लई वर्षं झाली."

"अमरनाथभाऊ, ही नुसती भुकटी आहे. कागदाला चिकटलेली नाही, टेकलेली आहे. ओलं फडकं फिरवलंत तर आजोबा फडक्यात येतील आणि घरी कोरा कागद जाईल. आणि लॅमिनेशनच्या गरम रोळातून काढले, तर मिशा कानाला जाऊन मिळतील."

खुर्चीतून संगप्पा हसले. अमरनाथ हसला नाही. त्यानं पंच्यानं कपाळ पुसलं. तो धुतलेले हात पुसायचा पंचा होता, पण या वेळी शिवकन्येनं सोडून दिलं.

"दुसरा फोटो आहे का त्यांचा?"

"एकबी न्हाई. सोसायटीच्या संचालकांचा एक ग्रूप फोटो हाय, पण त्यात नेमकं आजोबानं कुणाला तरी हाक मारायला मान वळवली. रुमाल दिसतो निस्ता. आजोबा वारले तवा माझा बापबी पाच वर्षांचा होता. त्यांचं तोंड कसं होतं ते आता आज्जीला ठाऊक, नाहीतर ह्या कागदाला."

"आज्जी आहेत?"

"हायत की. ब्याऐंशी. कमलम्मा. तिनंच पाठवलंय, म्हणली काच बसवून आण. पुसायचं माझ्या डोक्यातलं."

शिवकन्येनं वहीत लिहिलं: चारकोल, शाळेचा कागद, खालचा डावा कोपरा फाटका, पृष्ठभागावर विभूती. अमरनाथची सही घेतली. तो जाताना म्हणाला, "ताई, बिघडलं तर आज्जी मला घरात घेणार न्हाई." हे तो हसत बोलला, तरी दारातून दोनदा वळून बघून गेला.

मंगळवारी सकाळी तिनं काम काढलं. पंखा बंद केला, तेव्हा संगप्पांनी सवयीनं शिवी हासडली. मागचे गंजलेले खिळे तिनं एकेक करून ओढले, ठोकले नाहीत, कारण ठोक्यानं कोळसा झडतो. हार्डबोर्ड सुटला. मागं जुनं वर्तमानपत्र, त्यावर एरंडेलाची जाहिरात. कागदाखाली स्वच्छ पुठ्ठा सरकवून तिनं चित्र पुठ्ठ्यासकट उचललं, जसं भाकरी थापलेल्या हातानं तव्यावर अलगद सोडावी तसं, फक्त उलट्या दिशेनं. मग मऊ केसांचा ब्रश आणि कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा घेऊन गालापासून सुरुवात केली. ब्रश चित्रावर टेकवायचा नाही, वरच्या वर राख उचलून बाजूला लोटायची. तासाभरात एक गाल निघाला, मग नाक, मग मिशा. रुद्रप्पा माणूस रागीट असावा, असं तिला वाटलं.

"अप्पा, बघा, आले बाहेर."

"मी असतो तर फुंकर मारली असती. दोन मिनिटांचं काम."

"तुमच्या फुंकरीत तंबाखू असते."

गुणगुणतच ती कपाळावर आली. तीन पट्टे, शेजारी शेजारी. वरच्या पट्ट्याच्या कडेला तिनं ब्रश फिरवला. राख निघाली. आणखी थोडा फिरवला. खाली ठेवलेल्या काळ्या कागदावर पडणाऱ्या राखाडी भुकटीत एक पांढराशुभ्र कण पडला.

तिचा हात तिथल्या तिथं थांबला.

राख अशी पांढरी नसते. तिनं भिंग घेतलं. जिथून कण निघाला होता, तिथं तिळाएवढी जागा उघडी पडली होती. तिच्या शेजारी राखेच्या खाली घट्ट दाबून बसवलेला पांढरा रंग होता. खडूचा. आणि त्या पांढऱ्यावरून कपाळाची एक बारीक सुरकुती कोळशानं ओढलेली होती. सुरकुती वर, पांढरं खाली. म्हणजे पांढरं आधीचं. घरच्यांनी सोमवारी लावलेल्या विभूतीवर गुरुजी येऊन सुरकुती काढणार नव्हते. पट्टे गुरुजींनीच काढलेले होते. घरचे दीड वर्ष त्याच पट्ट्यांवर राखेचे पट्टे ओढत आले होते.

"काय झालं?" संगप्पांनी विचारलं. लेकीचं गुणगुणणं बंद पडलेलं त्यांना लगेच कळतं.

"चुकले."

"तू?" ते खुर्चीत सरळ झाले. "थांब, तारीख लिहून ठेवतो."

"अप्पा, गंमत नका करू. कपाळावर खडू आहे. मी सगळी इभूत धरून चालले होते. तिळाएवढा खडू गेला."

संगप्पा उठले, गुडघे धरत टेबलाशी आले. भिंगातून बराच वेळ बघितलं. त्यांच्या डोळ्यांत अजून दम होता. "वरचे दोन पट्टे खडूचे, हे मलाबी दिसायलंय," ते म्हणाले. "पण खालच्याचं कळेना. डावीकडं खडू हाय. उजवीकडं निस्तीच राख असल्यासारखी, पण लई जाड. खाली काय हाय, देव जाणे."

खरी अडचण तीच होती. सगळी राख काढावी, तर खाली खडू असला तर तोही जायचा आणि जगातला हा एकमेव रुद्रप्पा कपाळाला उघडा पडायचा. राख तशीच ठेवावी, तर ती सुटी आहे, घसरून डोळ्यांवर, मिशांवर येणार, कोळसा घासणार. शिवकन्येनं ब्रश ठेवून दिला. चित्रावर ताणून कागद टाकायचा मोह तिनं टाळला; चित्राला चहूबाजूंनी उंच कडा लावल्या, वर पुठ्ठ्याचं झाकण ठेवलं, कशाचाही स्पर्श होणार नाही असं. कपाटाच्या आडव्या खणात डबा सरकवला आणि जळकोटला फोन लावला.

"अमरनाथभाऊ, आज्जींना एवढंच विचारा. गुरुजींनी चित्र काढलं, तेव्हा आजोबांच्या कपाळाला इभूत होती का? चित्रात?"

"ताई, इभूत हाय ती. पुसून टाका म्हणलं की."

"विचारा तर."

दहा मिनिटांनी फोन आला. अमरनाथचा आवाज बारीक झालेला. "आज्जी म्हणती, फोनवर सांगायची गोष्ट न्हाई. उद्या येतो घेऊन."

बुधवारी अकराला कमलम्मा आल्या. नातवाच्या गाडीतून उतरताना त्यानं धरायला पुढं केलेला हात त्यांनी झटकला. ठेंगणी बाई, इरकली लुगडं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. पाटी त्यांना वाचता येत नव्हती, पण नळ आणि साबण बघून त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत. शिवकन्येला बाई तिथंच आवडली.

"पोरी, माझ्या मालकाला काय केलंस?"

"आज्जी, बसा. आधी माझी चूक सांगते." आणि तिनं सांगितलं. कण कसा निघाला, कुठून निघाला, किती गेला. झाकण काढून जागाही दाखवली. अमरनाथ छतातल्या बंद पंख्याकडं बघत राहिला.

कमलम्मांनी वाकून बघितलं. "एवढंच व्हय? अय्यो, मालक जिते होते तवा सकाळी लावलेली दुपारपर्यंत निम्मी सांडायचे. तुझं काय घेऊन बसलीस." मग चेहऱ्यावर नजर गेली. राखेखालून निघालेलं नाक, गाल, मिशा. दीड वर्षानं दिसत होत्या. त्या आणखी जवळ वाकल्या.

"खालच्या पट्ट्याचं कळत नाही आज्जी," शिवकन्या हळू म्हणाली. "इथून पुढं, उजवीकडं. तिथं गुरुजींनी काढलंय का काही?"

"तिथं काही न्हाई," कमलम्मा ताडकन म्हणाल्या.

"नक्की?"

"मी होते की तिथं! शाळेच्या पडवीत बसवलं व्हतं गुरुजीनं. सकाळी मीच इभूत लावून दिली, तीन बोटं, कशी ठसठशीत. पण ह्या माणसाला बसवतंय कुठं! घाम आला की रुमाल मागं सारायचा, आन् सारताना मनगट कपाळाला घासायचं. खालची रेघ अर्धी पुसली. मी म्हणलं गुरुजी, थांबा, पुरी करते. तर गुरुजी म्हणाले, राहू द्या, हायत तसे काढतो. आन् तशीच काढली. अडीच रेघा." त्यांनी श्वास घेतला. "चित्र घरी आलं तवा मला लई राग आला. माणूस अर्ध्या कपाळानं भिंतीवर बसणार व्हय जन्मभर? मग काच बसल्यावर मी दर सोमवारी काचेवर तेवढी अर्धी पुरी करायची. तेवढीच. बाकीचं गुरुजीनं काढलेलं व्हतंच की."

"मग हे सगळं?" शिवकन्येनं लेपाकडं बोट केलं, लांबूनच.

"माझ्या हाताला कंप सुटला. मग नातसून लावायला लागली. तिला काय ठाऊक, ती तीन बोटं ओढती सरळ. मीबी काही बोलले न्हाई. सांगायचं म्हंजे त्यांची अर्धी रेघ सगळ्या घराला कळणार."

शिवकन्येचा चेहरा उजळला. आता तिला नकाशाच मिळाला होता. "आज्जी, काढू का राख? तुमच्यासमोर?"

"काढ. बघू दे मला."

अमरनाथनं न सांगता दार लोटलं. शिवकन्येनं आडवा उजेड लावला, सर्वांत बारीक ब्रश घेतला आणि आधी खात्री झालेल्या भागाकडून निघाली. वरच्या दोन रेघांवर ती ब्रश टेकवतच नव्हती. फुगा दाबायची, हवेनं राख हलायची, ती ब्रशच्या टोकावर घ्यायची. दाबून बसवलेला खडू जागचा हलत नव्हता. खालच्या रेघेला आली, डावीकडून निघाली. खडू, खडू, खडू. मग मधोमध खडू एकाएकी फिकट झाला, बोटानं पसरवल्यासारखा, आणि संपला. तिथून पुढची जाड राख अलगद निघत गेली. खाली कोळशाची साधी सावली होती, कपाळाच्या कातडीची. गुरुजींनी पुसलेली जागा पुसल्यासारखीच काढली होती.

कमलम्मा म्हणाल्या, "बघ. बघ, कसा बसलाय. धीर न्हाई जिवाला."

संगप्पांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "शिवा, फुंकर मारली असती तर गेलंच असतं की गं सगळं."

"गेलं असतं अप्पा."

"बरं झालं मी म्हातारा झालो."

पुढचं काम तिच्या हातचं होतं. मागं आम्ल नसलेला पांढरा पुठ्ठा. त्याला चित्र वरच्या कडेला दोन जागी तलम, चिवट कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीनं टांगलेलं, पूर्ण चिकटवलेलं नाही. वर जाड पुठ्ठ्याची खिडकी, दुहेरी, म्हणजे काच चित्रापासून दूर राहील. अमरनाथला आता न फुटणारं ॲक्रेलिक हवं होतं. तिनं ॲक्रेलिकचा तुकडा पंच्यावर घासला आणि टेबलावरच्या राखेवर धरला. राख टुणकन उडून त्याला चिकटली.

"हे असं आजोबांचं होईल. काचच लावणार. फोडू नका, एवढंच करा."

चित्र घेऊन जायला शुक्रवारी पहाटे गाडी आली, तेव्हा शिवकन्याही चढली. आडवं, तोंड वर, मांडीवर डबा धरून. मागच्या सीटवर उभं ठेवू म्हणणाऱ्या अमरनाथवर तिचा भरवसा नव्हता. जळकोटच्या नव्या घरात तिनं टीव्हीच्या वरची जागा बघताच मोडीत काढली. समोर खिडकी, दिवसभर ऊन. देवघराजवळ समईची काजळी. मोरीच्या भिंतीला ओल. शेवटी कमलम्मांच्या खोलीतली आतली भिंत ठरली, कमलम्मांच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे बाकी सगळ्या घराला वाकून बघावं लागेल अशी. अमरनाथ कुरकुरला. आज्जीनं एकदा बघितलं, तो खिळा मारायला लागला.

चित्र भिंतीवर गेलं. पाहुणे जेवायला बसत होते, तेव्हा कमलम्मांनी विभूतीची चांदीची वाटी उचलली. शिवकन्या अडवायला एक पाऊल पुढं आली, मग मागं सरली. मध्ये काच होती, काचेमागं पोकळी होती. काही होत नव्हतं.

कमलम्मांनी कोरडी विभूती एका बोटावर घेतली. दुसऱ्या हातानं त्यांनी मनगट धरलं आणि काचेवर अर्धी रेघ ओढली, तेवढीच.

दारात उभा अमरनाथ म्हणाला, "आज्जी, वाकडी लागली. रेघेला रेघ मिळेना."

खरंच होतं. काच आता चित्रापासून लांब होती. बाजूनं बघणाऱ्याला काचेवरची रेघ कागदावरच्या रेघेपासून सरकलेली दिसत होती. शिवकन्या काही सांगणार, तोवर कमलम्माच बोलल्या.

"तू तिथून कशाला बघतूस? मी उभी हाय तिथून मिळती."